वारं कुणीकडचं हाय?

चिमूटभर माती उचलायची, हात खांद्याच्या वर न्यायचा आणि बोटं मोकळी सोडायची. माती कुठं जाते ते डोळे बारीक करून बघायचं. आणि स्वतः बघितलेलं असूनही शेजारी जो कोणी उभा असेल त्याला विचारायचं, "वारं कुणीकडचं हाय?"

आमच्या वस्तीवरच्या आबांना तुम्ही कुठंही पाहिलं असतंत तरी असंच पाहिलं असतंत. रेशनच्या रांगेत, पाण्याच्या टाकीपाशी, माझ्या अंगणवाडीच्या दारात. एकदा खर्ड्याच्या बाजारातून आम्ही जीपमधून परत येत होतो. काचा बंद, मांडीवर पिशव्या, पिशव्यांवर कोंबड्या. तिथंही आबांनी विचारलंच. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "आबा, वारं शिरायला जागा कुठं ठिवलीया तुमी?"

आणि लग्नाची तऱ्हा तर विचारूच नका. वस्तीवरच्या एका लग्नात आचाऱ्याने भट्टी मांडली, काडी ओढणार तेवढ्यात आबा पुढ्यात जाऊन उभे राहिले. माती सोडली, विचारलं, आणि भट्टी मांडवाच्या दुसऱ्या बाजूला हलवल्याशिवाय पेटवू दिली नाही. इकडे वऱ्हाड भुकेलं. मुलाकडचा एक पाहुणा तावातावाने विचारायला लागला, "हे कोन साहेब?" आमच्या सासूबाई म्हणाल्या, "वाऱ्याचे साहेब हायेत. त्यांची सही झाल्याबगर भात शिजत न्हाई." सगळे हसले, आबाही हसले. भट्टी मात्र हललीच.

पाहुण्यांना ही गंमत वाटायची. आम्ही हसायचो, पण आमचं हसू थोडं वेगळं होतं. कारण आम्ही आधीचे आबा पाहिले होते. तेव्हा ते वाऱ्याचं कोणाला विचारत नसत. ते सांगत, आणि वस्ती ऐकत असे.

आमची वस्ती खर्ड्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला आहे. दगडमातीच्या भिंती, वर पत्रा नाहीतर छप्पर, आणि प्रत्येक दाराशी कडब्याची गंज. शिमगा झाला की डोंगरावरचं गवत वाळून नुसतं कुरकुरीत होतं. त्या दिवसांत निम्मी वस्ती ऊसतोडीला बाहेर गेलेली असते. मागे राहतात म्हातारी माणसं, शेरडं आणि माझ्यासारख्या नोकरीत अडकलेल्या. आमचे हे टेम्पो चालवतात. वणवा लागला त्या दिवशी ते नेमके कर्जतला गेले होते.

वणवा वरच्या अंगाला दिसला तेव्हा भर दुपार होती. कोणी लावला, कोणाच्या विडीने लागला, ते आजवर कळलेलं नाही. डोंगर दरवर्षी कुठं ना कुठं जळतोच, म्हणून आधी आम्ही नुसत्या बघत उभ्या राहिलो. मग धूर खाली उतरायला लागला, तशी सगळी वस्ती आबांकडे धावली. आबांच्या वडिलांनी एकदा असाच वणवा अडवला होता, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला सुद्धा माहीत. वस्ती आणि डोंगर यांच्या मधल्या गवताचा पट्टा आपणच आधी जाळून टाकायचा. आपला जाळ चढाला लागतो, वरून येणाऱ्या वणव्याला भिडतो, मधे जळण्याजोगं काही उरत नाही आणि दोन्ही विझतात. फक्त वारं खालून वर जाणारं पाहिजे.

आबांनी माती सोडली. "खालचं हाय," म्हणाले. "काडी आणा."

सासूबाईंनी आमच्या चुलीजवळची काडेपेटी आणून त्यांच्या हातात दिली.

जाळ धरला, चढाला लागला. आम्ही "चाललाय, चाललाय" म्हणून ओरडलो सुद्धा. आणि वारं फिरलं. डोंगरावरून एकच झोत खाली आला, आबांचा जाळ मागे वळला आणि पहिल्या गंजीवर बसला. गंजीवरून छपरावर, छपरावरून पुढच्या गंजीवर. आबा गोठ्यागोठ्यात शिरून जनावरांची दावी कापत सुटले. आम्ही पोरं आणि म्हातारी माणसं ओढत शाळेच्या पटांगणात नेली. माणूस एकही दगावलं नाही, जनावरंही बहुतेक वाचली. घरं गेली. डोंगरावरचा वणवा खाली पोचला तेव्हा त्याला जाळायला काही शिल्लकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला जंगलखात्याचा एक गार्ड आला. आबा त्याच्यासमोर जाऊन हात जोडून उभे राहिले. "मला घेऊन चला," म्हणाले. गार्ड भला माणूस. त्याने आबांना मोटरसायकलच्या सीटवर बसवलं, पाणी पाजलं. म्हणाला, "अहो आबा, तुम्ही पट्टा जाळला नसता तरी डोंगरावरची आग आलीच असती."

"आली असती," आबा म्हणाले. "पन आली ती माझी."

 

मला राग आला होता, हे सरळ सांगते. माझं शिलाई मशीन गेलं, लग्नातला शालू गेला, पोरांचे लहानपणचे फोटो गेले. राखेतून मशीनचा नुसता लोखंडी सांगाडा निघाला. ज्या माणसामुळे हे झालं, त्याला दुपारची भाकरी पोचवायला सासूबाई मलाच धाडत. कारण आबा चिंचेखाली ताडपत्री बांधून एकटे राहत होते आणि चूल पेटवत नव्हते. एकटाच जीव, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा चाकणला कंपनीत. "माझं घर जाळलं, वर मीच भाकरी न्यायची का?" मी सासूबाईंना म्हणाले. त्या म्हणाल्या, "व्हय. कालवन बी ने, सांडू नको."

मी भाकरी त्यांच्यापुढे ठेवायची, ते माझ्याकडे न बघता विचारायचे, "ताई, वारं कुणीकडचं हाय?"

"तुमच्या तोंडावरचं हाय. जेवा आता," मी म्हणायची. आणि ते खरंच जेवायला लागायचे.

हंगाम संपला तशी उसाला गेलेली माणसं एकेक करून परतली. फोनवर कळलेलं असलं तरी डोळ्यांनी बघणं वेगळं. आबांचा एक पुतण्या बैलगाडीवरून उतरला तो थेट चिंचेखाली गेला आणि त्याने आबांची बंडी गळ्यापाशी धरली. आबांनी हात वर केला नाही. "मार," एवढंच म्हणाले. पुतण्याने मारलं नाही, सोडून दिलं आणि मटकन खाली बसून रडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपल्या जळक्या घराशी गेला, तर आबा आधीच घमेलं घेऊन राख उपसत होते. दोघं दिवसभर एकत्र काम करत राहिले.

घरं उभी करायची ठरली ती सावडीने. आमच्याकडे पेरणी-काढणीला सावड असतेच. तुम्ही आमच्या रानात राबायचं, मग आम्ही तुमच्या रानात. तसंच आता घरांचं. सगळ्यांनी मिळून एकाचं घर उभं करायचं, मग दुसऱ्याचं. पत्रे सरकारातून आणि आजूबाजूच्या गावांतून आले, आमच्या ह्यांनी टेम्पोतून आणले. दगड जुन्याच भिंतींचे, काळे पडलेले. उरली ती मेहनत, आणि त्या मेहनतीत आबा सगळ्यांच्या पुढे.

त्यांचं काम ठरलेलं. गारा करायचा, म्हणजे भिंतीच्या मातीत भुसा आणि पाणी घालून ती पायांनी तुडवायची. सकाळी पाय गाऱ्यात जायचे ते संध्याकाळी बाहेर यायचे. भेगांनी टाचा फुटल्या तरी चाललेलंच. ज्याचं घर असेल तो म्हणायचा, "आबा, चहा घ्या, सावलीत बसा." आबा चहा घ्यायचे, पण उभ्याउभ्या, उन्हातच. कोणाच्या नव्या घराच्या सावलीला म्हणून बसले नाहीत.

"आबा, तुमचं घर कधी घ्यायचं?" कोणीतरी विचारायचंच.

"माझी सावड कुणाकडं न्हाई," ते म्हणायचे. "सगळ्यांची झाली की पोरगा येतोय न्यायला. मी चाकनला जातो."

झालं, ठरलं त्यांचं. शेवटचं घर पुरं झालं की आबा वस्ती सोडणार होते, कायमची. जो माणूस पुण्याला दवाखान्यात गेला तरी तिसऱ्या दिवशी पळून यायचा, तो चाकणच्या तिसऱ्या मजल्यावर काय जगणार, हे सगळ्यांना कळत होतं. पण बोलणार कोण? आणि कोणत्या तोंडाने त्यांना राहा म्हणायचं, हेही काहींना कळत नव्हतं. त्यांची घरं जळाली होती.

शेवटचं घर होतं आमचं.

ते शेवटी राहिलं कारण सासूबाईच म्हणाल्या, "आमचं मागनं घ्या, आमाला अंगणवाडीची खोली हाय." खोली कसली! एका बाजूला पोषण आहाराची पोती, एका बाजूला पोरांचा वजनकाटा, मधे आम्ही. त्यामुळे आमच्या घराच्या भिंती चढायला लागल्या तेव्हा मला कोण आनंद झाला. आणि तेव्हापासूनच सासूबाईंच्या अंगात काय शिरलं कोण जाणे. उंबरा वाकडा बसला म्हणाल्या. आबांनी काढून पुन्हा बसवला. कोनाडा एकच का, दोन पाहिजेत म्हणाल्या. दुसरा कोनाडा झाला. मग एक दिवस अख्खी भिंत बघून म्हणाल्या, "हिला पोट आलंय." मला तर भिंत सरळसोट दिसत होती. आबांनी ओळंबा लावून बघितला, आणि वरचे थर उतरवून पुन्हा रचायला घेतले.

माझी सहनशक्ती संपली. पाऊस तोंडावर आला होता. मी सासूबाईंना खोलीत गाठून म्हणाले, "आत्या, तुम्हाला घर पाहिजे का नको? एकदाच काय ते सांगा."

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घर झालं की म्हातारा चालला. एवढं बी कळत न्हाई व्हय तुला?"

मी बाहेर आले. आबा पायांचा गारा धूत ओट्यापाशी उभे होते. त्यांनी विचारलं, "ताई, आता काय राह्यलं?"

मी घराकडे बघितलं. काहीच राहिलं नव्हतं. भिंती, पत्रा, दार, उंबरा, दोन कोनाडे. चांगलं नेटकं घर होतं माझं.

"खिडकी," मी म्हणाले. "खिडकी जरा खाली झालीय, आबा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सरळ बघितलं. मग पहार उचलली आणि खिडकी काढायला गेले. माझा राग कधी गेला असं मला कोणी विचारलं, तर मी तो दिवस सांगेन.

पण सबबी तरी किती काढणार! पहिला मोठा पाऊस पडायच्या आत घर पुरं झालं आणि आबांचा मुलगा गाडी घेऊन आला. शेवटच्या दिवसाची सावड म्हणून सगळी वस्ती आमच्या अंगणात जमलेली. आबा पाय धुऊन, गाठोडं काखेत मारून आले. एका हातात शेळीचं दावं. ते त्यांनी सासूबाईंपुढे धरलं.

"वैनी, शेळी तुमी सांभाळा."

सासूबाईंनी दावं घेतलं नाही. पदर खोचला आणि म्हणाल्या, "शेळीचं मागनं बघू. आधी आमच्या सावडीचं बोला. सगळ्यांच्या घरी राबलात, आता फेडून न घेता चाललात. आमी फेडायची कुटं? तुमच्या चाकनच्या तिसऱ्या मजल्यावर येऊ व्हय गारा तुडवायला?"

कोणीतरी हसलं.

"मला नगं काय," आबा म्हणाले.

"तुमाला नगं, पन आमाला द्यायचं हाय. सावड घेतली न्हाई तर आमी काय भिकारी ठरतो का?"

 शेळी दाव्याला हिसके देत होती. ते म्हणाले, "वैनी, मला हितं राह्याचं तोंड न्हाई. काडी मी वडली."

सासूबाई दोन पावलं पुढे झाल्या. आवाज खाली आला त्यांचा. "काडी तुमी वडली. पन पेटी कुणाच्या घरातली हुती? मीच दिली न्हवं हातात? आन पट्टा जाळा, पट्टा जाळा म्हनून वरडत कोन आलं हुतं तुमच्या दारात? आमी सगळ्या. मग आता सांगा, तुमी चाकनला चालला, आमी कुटं जायाचं?"

आबा उभेच.  इतक्यात तो बंडी धरणारा पुतण्या उठला, फावडं खांद्यावर टाकलं आणि वस्तीच्या वरच्या अंगाला, आबांच्या जळक्या जागेकडे चालायला लागला. त्याने उत्तराची वाट पाहिली नाही. मग दुसरा उठला. मग बायका घमेली घेऊन निघाल्या. आबांच्या हातातलं गाठोडं मी काढून घेतलं, आणि ते आमच्या नव्या ओट्यावर, सावलीत, खाली बसले. डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली आणि ढसाढसा रडले. मीही रडले. सासूबाई शेळी बांधायला गेल्या, त्या बराच वेळ आल्याच नाहीत.

आबांचा मुलगा न्यायला आला होता, तो कंपनीच्या पँटीवर गारा तुडवत बसला. आबांनी फक्त एक सांगितलं, "दार डोंगराकडं करा. मला दिसला पायजे." तसंच केलं. घरभरणीला दूध उतू घालायचं, तर आबा चूल पेटवेनात. शेवटी सासूबाईंनी पेटवली. आबा बाहेर पाण्याची बादली घेऊन उभे आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "वारं कुणीकडचं हाय?" त्यानंतर त्या घरात कधी चूल पेटली नाही. ते आमच्याकडेच जेवायचे, आणि भाकरी करपली तर नाव ठेवायला कमी करायचे नाहीत.

तेव्हापासून पट्टा जाळणं बंद झालं. शिमगा झाला की सगळी वस्ती विळे घेऊन डोंगराच्या कडेचं गवत कापून काढते. आबा सगळ्यांच्या पुढे, माती सोडत. "आबा, कापायला वारं कशाला बघायचं?" पोरी चिडवायच्या. "बघून ठिवावं," ते म्हणायचे.

पुढे गुडघे गेले तसे ते घराच्या ओट्यावरच बसून राहायला लागले. त्यांचं घर सगळ्यात वर, वस्तीतून कुठूनही दिसणारं. मग अशी सवयच पडली. रानात पाचोळा जाळायचा असो, नाहीतर कोणाच्या दारात चुलवण पेटवायचं असो, काडी ओढायच्या आधी मान वर करून आबांच्या ओट्याकडे बघायचं. आबांचा हात वर असला तर थांबायचं. हात खाली आला की पेटवायचं. हात वर असताना कोणी काडी ओढलेली मला आठवत नाही.

यंदा शिमग्यानंतर ते गेले. पट्ट्याचं गवत निम्मं कापून झालं होतं. सकाळी मी चहा घेऊन गेले तर दार उघडंच, आणि आबा दाराकडे तोंड करून निजलेले. मी दोनदा हाक मारली.

आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. ओढ्याकाठी सरण रचलेलं आबांच्या ओट्यावरून दिसत होतं, म्हणून मी आणि सासूबाई तिथं जाऊन उभ्या राहिलो. दुपार कलली होती. ओढ्यापासून डोंगरापर्यंत नुसतं वाळलेलं गवत. सगळी माणसं सरणाभोवती जमली, मुलगा पुढे झाला. आणि सगळे थांबले.

मला आधी कळेना काय झालं. मग बघितलं, तर खाली उभ्या असलेल्या सगळ्यांच्या माना वर झाल्या होत्या. पुतण्याची, आमच्या ह्यांची, सगळ्यांची. ते ओट्याकडे बघत होते. सवयीनेच बघत होते बिचारे.

सासूबाईंना आता लांबचं नीट दिसत नाही. त्या वाकल्या, ओट्याखालची चिमूटभर माती उचलली आणि माझ्या हातात दिली.

"बघ गं," म्हणाल्या, "वारं कुणीकडचं हाय?"

मी माती सोडली. ती डोंगराकडे गेली. मी हात वर केला.

खाली कोणी हललं नाही.  माझा खांदा दुखायला लागला, सासूबाईंनी माझा दंड खालून धरून ठेवला. मी दुसऱ्या हाताने पुन्हा माती सोडली, पुन्हा सोडली. मग एकदा ती सरळ माझ्याच पायावर पडली.

मी हात खाली केला.